चिखलीच्या मोटारीची गावफेरी

आमच्या ह्यांची बदली खामगावच्या पोस्टात झाली, तेव्हा भाड्याचं घर मीच शोधायचं ठरवलं. ह्यांच्यावर सोडलं असतं तर ह्यांनी पोस्टामागचा गोठासुद्धा पसंत केला असता, जायला-यायला सोयीचा म्हणून! पण परक्या गावात चार वर्षांची पोर कडेवर घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं कसं? तोड सापडली ती सर्व्हिस मोटारीत.

चिखलीची मोटार तेव्हा अड्ड्यावरून थेट सुटत नसे. सीटा भरेपर्यंत ड्रायव्हर उकंडराव तिला गावभर फिरवी, रोज वेगळ्या रस्त्यानं, भोंगा वाजवत, "चिखलीऽ चिखलीऽ" ओरडत. रिकाम्या मोटारीत कोणी चढत नाही. आत बाईमाणूस बसलेलं दिसलं की लोकांना वाटतं, आता सुटलीच. म्हणून तो मला खुशाल फुकट बसवून घ्यायचा. "बसा काकू. नाक्यावर उतरा, तिथं टांगा भेटते." त्याचा धंदा व्हायचा आणि माझं गाव बघणं.

थोड्याच दिवसांत मला गाव पाठ झालं. फरशी नावाच्या चौकातली गर्दी, सराफ्यातली ठोकाठोक, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाकडच्या वस्तीत हवेत उडणारी रुई. ती शकीच्या केसांत अडकायची आणि पोर खिदळायची. शकी म्हणजे शकुंतला, माझी एकुलती एक, नवसासायासानं झालेली. तिच्या बाबतीत मी शेजारणीवरही विसंबत नसे.

पण मोटारीतली रीत निराळी. त्या दिवशी बाजार होता आणि मोटार खच्चून भरलेली. मागच्या बाकावरच्या एका बाईनं हात पुढे केले. धुतलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"द्या वं बाई, मी घेतो मांडीवर."

मोटारीत असं कोणाचंही लेकरू कोणाच्याही मांडीवर जातं. नको म्हटलं तर शिष्टपणा ठरतो. मी शकीला देऊन टाकलं आणि निवांत बाहेर बघत बसले.

जिन मागे पडला. पुढच्या वस्तीचा पुरा मी कधी पाहिला नव्हता. ओटे सारवलेले, भर दुपारी दारादारात ताजी रांगोळी, उकिरड्याचा मागमूस नाही. मला तर बाई फारच आवडला!

"उकंडराव, इथे घर मिळेल का हो भाड्यानं?"

 त्यानं भोंग्यावरचा हात काढून घेतला.

मग ध्यानात आलं, सगळी मोटारच गप्प झाली होती. समोरचा माणूस शेंगा खात होता, त्याचं तोंड थांबलं होतं. जिनाची धडधड गावात कुठेही ऐकू येते, ती इथे येत नव्हती. प्रत्येक ओट्यावर एकेक बाई बसली होती, मांडी घालून, पदर सावरून. एकीच्याही मांडीवर काही नव्हतं. आणि एवढ्या मोठ्या पुऱ्यात रस्त्यावर एकही पोर नव्हतं.

"हा कोणता पुरा, उकंडराव?"

"मले काय ठाव, काकू," तो हलकेच म्हणाला. "मी तं नाक्याचाच रस्ता धरून राह्यलो."

 मी मागे वळून पाहिलं. बाकावर एका माणसापुरती जागा मोकळी होती.

"ते उतरली ना," शेजारची म्हातारी म्हणाली. "तुमच्याच घरची हाय समजलो."

मोटार तर कुठे थांबलीच नव्हती.

मी किंचाळले. उकंडरावानं ब्रेक दाबायच्या आत मी उडी टाकली. गुडघे फुटले. तशीच मागे पळत सुटले. दोन्हीकडच्या बाया नुसत्या बघत होत्या.

ती बाई एका ओट्यावर बसली होती. शकी तिला पाठ टेकून बसलेली. बाई तिची वेणी घालत होती, सावकाश, शेवटचे पेड.

"माझी पोर द्या!"

तिनं वेणी बांधली. शकीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरलेले होते.

"ने वं," ती म्हणाली. "माह्यं मन भरलं."

मी पोर उचलली आणि पळाले. उकंडराव मोटार चालू ठेवून उभा होता, कपाळावर घाम.

"तेच हाय ना, काकू?"

"माझी पोर मला कळत नाही होय?" मी त्याच्यावरच खेकसले. तीच होती हो! हनुवटीवरचा तीळ तोच, मानेचा वास तोच. मोटार वळली आणि जिनाची धडधड कानावर आली. तशी मी रडत सुटले, मग रडता रडताच हसू फुटलं. सगळी मोटार हसायला लागली. शेंगावाल्यानं शकीच्या ओंजळीत शेंगा घातल्या. म्हातारीनं तिची दृष्ट काढली. देव पावला म्हणायचा, दुसरं काय!

घरी आल्यावर ह्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आता घर मी बघतो." बघा म्हटलं, गोठासुद्धा चालेल.

मी ओळखीच्यांच्या पडवीत तात्पुरता संसार मांडला होता. संध्याकाळी शकीला झोप लागली तशी चूल पेटवली आणि पाणी आणायला आडावर गेले. मन कसं हलकं झालं होतं. परत येऊन बघते तर शकी चुलीपुढे बसलेली, एक गुडघा वर घेऊन. परातीत ओळखीच्यांच्या डब्यातलं ज्वारीचं पीठ मळलेलं. इवल्याशा हातांनी ती भाकरी थापत होती, फिरवत फिरवत, कडेला कुठे चीर नाही. तिनं ती अलगद तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्यावर धरली. भाकरी टम्म फुगली.

माझी भाकरी अजून थापतानाच मोडते. आमच्याकडे पोळ्याच.

"शके," मी म्हटलं, "हे तुला कोणी गं शिकवलं?"

तिनं वर पाहिलं नाही.

"आईनं," ती म्हणाली, आणि दुसरा गोळा हातात घेतला.