गंगीचं वासरू

१९३४च्या मे महिन्यात पनागर रस्त्यावरच्या आमच्या गोठ्यात मी पुंडलिकवर जेवढा ओरडलो, तेवढा आयुष्यात कुणावर ओरडलो नसेन. क्षयाची लस टोचलेली, माझ्या प्रयोगाची चार वासरं तिथे होती. त्यांना गंगीचंच दूध पाजायचं, कारण चाचणीत निरोगी ठरलेली गाय ती एकटीच. ती आटली की माझं दोन वर्षांचं काम पाण्यात.

तिचं स्वतःचं वासरू तुलनेसाठी लस न टोचता आजारी गाईशेजारी बांधलं होतं. फेब्रुवारीत ते क्षयाने गेलं. मी चुना टाकून पुरायला सांगितलं. गोठा सांभाळणाऱ्या या पुंडलिकने आधी कातडं सोडवलं, त्यात पेंढा भरला आणि दोहताना ते गंगीपुढे उभं करू लागला. मी आलो की कडब्यामागे लपवायचा. तीन महिने मला पत्ता नाही; त्या सकाळी वेळेआधी आलो तेव्हा दिसलं.

रोगी कातडं गोठ्यात ठेवतोस, अक्कल गहाण टाकलीस का, असं मी विचारलं.

"फिनाइलात बुडवलं होतं, साहेब. त्याच्याबिगर गंगी पान्हाच नाही सोडत," तो म्हणाला. मग खाली बघत, "आता तं थे पिऊन बी राहिलं."

मी कपाळाला हात लावला. वासराचं नाक ओलं होतं. गंगी चाटत असणार. पोटाची शिवण ताणली होती. पेंढा फुगला असणार.

त्या दिवशी गंगीची महिन्याची चाचणी होती. ट्युबरक्युलिन मानेच्या कातडीत टोचायचं, तीन दिवसांनी तिथे सूज आली तर जनावर रोगी. पुंडलिकचं तोंड बंद करायला म्हणून उरलेलं औषध मी त्या पेंढ्याच्या वासराला टोचलं. कातडीची जाडी मोजायच्या चिमट्याने मोजून लिहिली, चार मिलिमीटर. मेलेलं कातडं सुजत नाही, तीन दिवसांनी स्वतःच बघ, असं त्याला बजावलं.

तीन दिवसांनी गंगी निरोगी निघाली. मला हायसं वाटलं.

मग वासराला चिमटा लावला. सोळा.

चिमटा बिघडला असेल म्हणून परत गंगीला लावला. बरोबर होता. परत वासराला. सोळा. बोटांना कातडी गरम लागली. मे महिन्यात सगळंच गरम असतं, असं मी मोठ्याने म्हणालो.

सूज आलेलं जनावर त्याच दिवशी गोठ्याबाहेर, हा नियम माझाच. गंगी आटणार, चारी वासरं हातची जाणार. मला रडू यायचं बाकी होतं. तरी म्हणालो, बाहेर ने आणि जाळ.

तीन महिने तो ते काखेत मारून नेत होता. आता वाकला, दोन्ही हात पोटाखाली घातले, आणि तसाच थांबला.

"साहेब, मागून धरा," तो हळूच म्हणाला. "माह्या एकट्याच्यानं उचलल्या नाही जात."