इंग्लंडच्या नटाला खंडेनवमीची हळद

"साहेब, थांबा! चाक डुगडुगतंय!"

वर्षाली ओरडली आणि हिरवी, जुनी, बिनटपाची ब्रिटिश एमजी गाडी गॅरेजसमोर कचकन थांबली. चाचणीची फेरी मारून आलेले दिग्विजयसाहेब खाली उतरले. तारांच्या चाकाच्या मधोमध दोन कानांचा मोठा चकचकीत नट असतो. उजव्या चाकाचा तो नट त्यांच्या बोटानं फिरला!

"नवनाथ! उद्या रॅलीला माझी मुलगी शेजारी बसणार होती! एक नट आवळता येत नाही तुला?"

"साहेब, तांब्याच्या हातोडीनं ठोकून आवळला होता," वर्षालीचे बाबा पुटपुटले.

"पार्ट थेट इंग्लंडचे. मग खोट कुणात? हातात!" शेजारी उभे असलेले पार्टवाले मालोजीराव मिशीत हसले. नवे नट आणि ते ज्यावर बसतात ते हब त्यांनीच आणून दिले होते.

"संध्याकाळी गाडी नेतो," साहेब म्हणाले. "आणि आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर तुझं नाव टाकतो. पुन्हा कुणी जुनी गाडी इकडे आणायला नको!"

दोघे गेले. बाबा हत्यारं पुसत बसले. वर्षालीला त्या ऐकून घेण्याचाच संताप आला. मोठी माणसं! आवाज ज्याचा चढा, तोच खरा म्हणे!

दिवाळीचा किल्ला अर्धाच राहिला. हात चिखलाचे तसेच ठेवून ती किल्ल्यावरच्या दोघा मित्रांना, बुद्धरत्न आणि सार्थकला, ओढत गाडीपाशी घेऊन आली.

"उजवीकडचे दोन्ही ढिले. डावीकडचे दोन्ही घट्ट. बाबा काय एका बाजूलाच झोपले होते?"

बुद्धरत्ननं स्वतःच्या सायकलकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, पायडल! डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सरळ असते, तर चालवता चालवता सुटलं असतं. मागं मी ते चुकीच्या बाजूनं पिळलं आणि आटे घालवले. काय मार खाल्लाय राव!"

"म्हणजे गाडीच्याही एका बाजूचे आटे उलटे हवेत?"

त्यांनी चारही नट फिरवून पाहिले. चारही सरळ आट्यांचे!

"एकाच नमुन्यावरून चारही बनवलेत, भावा!" बुद्धरत्न सार्थकला म्हणाला.

तोंडात चकली धरून सार्थक नटाच्या खाचेत नखानं खरवडत होता. "ए, इंग्लंडचे लोक हळदीकुंकू करतात का?"

खाचेत पिवळं होतं, वर लाल ठिपका. नटांच्या खोक्याच्या तळाशी झेंडूची वाळकी पाकळीही सापडली!

"खंडेनवमी!" तिघंही एकदम ओरडले. खंडेनवमीला चिखलीतल्या प्रत्येक वर्कशॉपात मशीनची पूजा होते, आणि टेबलावर जे पडलेलं असेल त्यालाही हळदकुंकवाचं बोट लागतं. म्हणजे नट इंग्लंडचे नव्हतेच, इथंच बनले होते!

"बाबा, जुने नट आणि हब कुठायत?"

"मालोजीराव घेऊन गेले. भंगार झालेत म्हणाले."

"भंगार नाही, नमुना! त्यावरूनच हे नवे बनवले!" वर्षाली तडक चहाच्या टपरीवर गेली. मालोजीराव तिथं भजी खात होते.

"काका, एमजीचे जुने, अस्सल नट-हब मिळतील का? हिंजवडीचे एक साहेब विचारत होते. मळलेले असले तरी चालतील म्हणे."

ही शुद्ध थाप होती, आणि वर्षालीला तिची काडीचीही लाज वाटली नाही.

मालोजीरावांचं भजं हातातच राहिलं. "संध्याकाळी बोलाव त्यांना. बाबाला बोलू नकोस हं, पोरी!"

संध्याकाळी दिग्विजयसाहेब गाडी न्यायला आले. "साहेब, फक्त गप्प बसायचं," असं बजावून वर्षालीनं त्यांना टायरांच्या थप्पीमागे बसवलं. साहेब चिडले, पण तिनं हळदीचा नट हातात ठेवल्यावर बसले!

मालोजीराव पोतं घेऊन आले. "कुठायत तुझे साहेब? सांग त्यांना, एकदम ओरिजिनल! नाहीतर आजकाल सगळे गावठी कॉपी विकतात."

"तुमच्यासारखी?" थप्पीमागून साहेब उभे राहिले. "हे माझ्या गाडीचे आहेत, मालोजीराव!"

मालोजीरावांची मिशी उतरली. पोतं तिथंच टाकून ते असे सटकले, की एक चप्पल गॅरेजातच राहिली!

बाबांनी जुना माल पुसला. "चकाकी गेलीय. पण नटांचे आटे, हबचे दात शाबूत आहेत. उजवीकडचे उलटेच!" मग हळूच म्हणाले, "नवे बसवताना हाताला खटकलं होतं. पण खोक्यावर इंग्लंड वाचलं आणि अक्कल गहाण टाकली."

"शाबास, पोरांनो! तुमच्यामुळे..." साहेब बोलू लागले.

"शाबासकी नंतर, साहेब," वर्षाली म्हणाली. "ग्रुपवर बाबांचं नाव टाकलंत ना? माफीही तिथंच टाका."

बाबा दचकले. साहेबांनी मात्र मान खाली घालून मोबाईल काढला. मजकूर वर्षालीनं वाचला, मगच तो ग्रुपवर गेला.

दिवे लागेपर्यंत जुने हब बसले, चाकं चढली. शेवटचा नट उजवीकडचा. बाबांनी तांब्याची हातोडी लेकीच्या हातात दिली. "शाबास गं माझी वाघीण! मार. पण आधी सांग, कुठल्या बाजूला?"

"चाक पुढं जातं, म्हणजे नट मागं!"

ठण्ण!