नेमा गप्प का बसला

घरात चोर आला नव्हता. कपाटाचे कुलूप शाबूत होते, आणि कार्ड माझ्या शालूच्या घडीत ठेवले होते तिथेच होते. तरीही त्या कार्डावर कोणीतरी तीन उडत्या स्कूटरी विकत घेतल्या होत्या. बँकेचे पत्रक तसे स्पष्ट सांगत होते. मुलांनो, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मी उडत्या स्कूटरवर बसत नाही. तीन स्कूटरींवर तर नाहीच नाही.

ही गोष्ट २०५८ सालच्या सांगलीतली. सारे जग तळहात दाखवून खरेदी करत असताना मी मात्र हट्टाने प्लॅस्टिकचे क्रेडिट कार्ड (आधी खरेदी, बँकेला पैसे नंतर, अशी सोय) वापरत होते. पत्रकही टपालानेच मागवत होते. चौतीस वर्षे मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. माझ्या पद्धती बदलण्याचा सल्ला मला सहसा कोणी देत नाही.

घरात आम्ही तिघे: मी, माझी अकरा वर्षांची नात ऋजुता आणि नेमा. नेमा हा आमचा यंत्रमानव. माझी औषधे, फोन, संदेश, सारे त्याच्या हाती. कार्ड कुठे असते हेही त्या एकट्यालाच ठाऊक. मी त्याला समोर उभे केले.

"नेमा, या खरेदीबद्दल तुला काय माहीत आहे?"

"बाईसाहेब, ते सांगण्याची मला परवानगी नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच घरात, माझ्याच यंत्राने मला असे उत्तर द्यावे? मी तत्काळ दुरुस्ती केंद्राला फोन केला. चार वाजता गाडी पाठवा, याला घेऊन जा आणि याची स्मृती (आजवर त्याने पाहिलेले, शिकलेले सारे) पुसून टाका, असे बजावले.

ऋजुता शाळेतून आली तेव्हा तीन वाजले होते. झालेला प्रकार माझ्याकडून ऐकताना तिने दप्तरही खाली ठेवले नाही.

"आजी, मी सायकल शिकताना कुठे कुठे पडले ते त्याला अजून आठवतं. ते सगळं पुसणार तू?"

"चोराला मी घरात ठेवत नाही."

"तू शाळेत मुलींना असंच काढायचीस का? न विचारता?"

"विचारले मी. परवानगी नाही म्हणाला."

ऋजुता नेमाकडे वळली. "परवानगी कोणी नाकारली तुला?"

"बाईसाहेबांनी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी."

मी खुर्चीत ताठ बसले. मग मला आठवले.

आमच्या घराचा नियम आहे, दुसऱ्याचे पत्र वाचू नये. त्या सकाळी फोनवर एक संदेश आला. नेमा म्हणाला, "बाईसाहेब, यात लिहिले आहे की..." मी त्याला तिथेच थांबवले. "माझी पत्रे वाचायची नाहीत. त्यातले एक अक्षरही कोणाजवळ काढायचे नाही. सहा आकडे आले असतील, तेवढे सांग." त्याने आकडे सांगितले आणि तो गप्प झाला. आज्ञाधारकपणे, पूर्ण बारा दिवस.

"मी आज्ञा मागे घेते," मी म्हणाले. "वाच तो संदेश."

नेमाने वाचला. "तीन उडत्या स्कूटरींच्या खरेदीसाठी आपला गुप्त क्रमांक असा आहे. ही खरेदी आपली नसल्यास ताबडतोब बँकेला कळवा. हा क्रमांक कोणालाही देऊ नका."

"पण मी तर घंगाळ घेत होते," मी म्हणाले.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी मला तांब्याचे घंगाळ हवे होते. त्या दिवशी एका दुकानातून फोन आला. बोलणारा तरुण मोठा अदबशीर. 'आईसाहेब' म्हणत होता. माझे संपूर्ण नाव त्याला माहीत होते, कार्डाचे शेवटचे चार आकडेही त्याने स्वतःच सांगितले. हे तर फक्त बँकेलाच ठाऊक असणार, म्हणून मी विश्वास ठेवला. त्याने दुकानाचे पान पाठवले. पाचशे रुपयांत एवढे मोठे घंगाळ, आणि वर लिहिलेले: तीन पिढ्यांची परंपरा.

"नेमा, हे दुकान किती जुनं आहे?" ऋजुताने विचारले. "संकेतस्थळ (इंटरनेटवरचे पान) कधी नोंदवलं ते कळतं ना?"

"ते कोणालाही पाहता येते. फोन आला त्या दिवशी दुकानाचे वय दोन दिवस होते."

"दोन दिवसांत तीन पिढ्या," ऋजुता म्हणाली. "आजी, मांजरंसुद्धा इतकी घाई करत नाहीत."

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले.

"एक मात्र समजत नाही," मी म्हणाले. "माझ्या कार्डाचे आकडे त्याच्याकडे पोहोचले कसे?"

नेमाने भिंतीवर एक छायाचित्र उमटवले. खंडेनवमीची आमची पूजा. त्या दिवशी आपण आपापली हत्यारे, साधने पुजतो. माझ्या चौरंगावर शाळेची पितळी घंटा होती, शाईचे पेन होते, आणि मधोमध, घंटेला टेकून, हळदकुंकू वाहिलेले क्रेडिट कार्ड होते. मीच ठेवले होते. माझ्या पुतण्याने कौतुकाने तो फोटो सार्वजनिक पानावर टाकला होता. नाव, सोळा आकडे, मुदतीची तारीख, सारे स्वच्छ वाचता येत होते.

"बाईसाहेब, कार्ड म्हणजे चार किल्ल्यांचे कुलूप समजा," नेमा म्हणाला. "पहिली किल्ली सोळा आकडे. दुसरी मुदतीची तारीख. या दोन्ही चोराला फोटोत मिळाल्या. तिसरी सीव्हीव्ही (कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे). ती आपण दुकानाच्या पानावर लिहिली. चौथी ओटीपी (एकाच व्यवहारापुरता, काही मिनिटेच चालणारा गुप्त क्रमांक). आपण घंगाळाची वाट पाहत असताना चोर दुसऱ्या दुकानात स्कूटरी निवडत होता. बँकेने आपल्याला विचारले, आणि आपण सहा आकडे त्याला सांगितले."

"याला फिशिंग म्हणतात," ऋजुता म्हणाली. "(खोटं दुकान किंवा खोटी बँक मांडून माणसाकडूनच गुपित काढून घेणं.) आमच्या पुस्तकात आहे. पण आजी, ओटीपीच्या संदेशात आकड्यांच्या आधी लिहिलेलं असतं, पैसे कशासाठी, किती. ते वाचायचं असतं."

चौतीस वर्षे मी मुलींना सांगत आले, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही.

मला संताप आला होता, आणि आता तो योग्य जागी गेला. आदराचे मुखवटे चढवून म्हाताऱ्या माणसांना लुटणाऱ्या त्या नीच माणसाचा संताप. आणि थोडा माझाही, कारण चोराचे गोड बोल मी ऐकले आणि बारा वर्षे घरात राबणाऱ्याला मात्र वाक्य पुरे करू दिले नाही.

मी बँकेला फोन करून कार्ड गोठवायला लावले. सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. बारा दिवस आधी कळवले असते तर पैसे वाटेतच अडवता आले असते, असे तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या. आता प्रयत्न करू, एवढेच त्यांनी सांगितले. उशीर माझा होता. मी ऐकून घेतले. पुतण्यालाही फोन केला. तो फोटो पाच मिनिटांत नाहीसा झाला.

चार वाजता दारावरची घंटा वाजली. केंद्राचा माणूस पेटी घेऊन उभा होता.

"इथे न्यायला कोणी नाही," मी त्याला सांगितले. "चूक माझी होती. चहा घेऊन जा."

ऋजुताने त्याच संध्याकाळी नेमासाठी नवा नियम लिहायला घेतला: पैशांचा कोणताही संदेश आला की आधी मोठ्याने सांगायचे, कोणाला, किती, कशासाठी, मग आजी कितीही रागावली तरी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो नियम मांडून शेजारपाजारच्या सगळ्या आजी-आजोबांच्या यंत्रमानवांना शिकवायचा, असे तिने ठरवले आहे. पुढच्या खंडेनवमीला चौरंगावर कार्ड नसेल. पहिले फूल नेमाला वाहिले जाईल.

"नेमा," मी म्हणाले, "मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. मला क्षमा कर."

"बाईसाहेब, हे वाक्य पुसून टाकू का? कोणाजवळ काढायचे नसेल तर..."

"पुसू नकोस," मी म्हणाले. "नीट लक्षात ठेव."