साक्षीदाराची हरकत

"वाट माझी मेंढरांमागं, गं बाई, काटा बाभळीचा रुतला…"

दहावीच्या स्नेहसंमेलनात ऐन गाण्यात माइक बंद पडला, तरी सिद्धू गातच राहिला होता. तो आवाज मागं बसलेल्या ज्ञानदापर्यंत पोचला, आणि पोचला तो मुक्कामालाच राहिला. पुढं ती त्याच शाळेत मराठीची बाई झाली, पोरांना ओवी-अभंग शिकवू लागली, तरी तो काटा काही निघाला नाही.

म्हणून सोलापूरच्या त्या रणरणत्या दुपारी दाराबाहेरून कुणी विचारलं, "जन्माची कथा हितंच भरून घेत्यात काय?" तेव्हा मान वर करायच्या आधीच तिनं ओळखलं.

शाळा माजी विद्यार्थ्यांच्या जीवनकथा त्यांच्याच आवाजात जपून ठेवत होती. आवाज घुमू नये म्हणून प्रयोगशाळेच्या भिंतींना चादरी टांगलेल्या. मुख्याध्यापक नारायण सर शेजारच्या खोलीत हेडफोन लावून ऐकत बसायचे. सुरुवातीला जो तो येऊन 'मी वर्गात पहिला' असं सांगून गेला. एकेका वर्गात इतके पहिले निघाले, की सरांनी नियमच केला – शेजारी वर्गातलाच साक्षीदार बसवायचा. थाप आली की त्यानं 'हरकत' म्हणायचं.

सिद्धूचा साक्षीदार नेमका नातेपुत्याला अडकला होता.

"ज्ञानदाबाई, तुम्हीच बसा," सर म्हणाले. "वर्ग एकच ना तुमचा?"

बाक अरुंद. कोपराला कोपर लागला, आणि दोघांनीही तो काढून घ्यायला जरा उशीरच केला…

"मी सिद्धू, वळसंगचा. शाळेत लई हुशार—"

"हरकत."

"बरं… मध्यम."

"हरकत."

"अगं, बापाचं नाव तरी सांगू दे की."

ज्ञानदानं हसू दाबलं. "सांग."

"गणिताला मला बाकावर उभं करायचे. समद्यांना दिसावं म्हणून—"

"हरकत. पाढे यायचे नाहीत म्हणून."

"तुला लई आठवतंय की गं माझं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "साक्षीदाराला आठवावंच लागतं."

"मग डबा कुणाचा खायचो, ते बी आठवत असंल."

"माझा. शेंगाचटणी तेवढी वेचून."

"पण डबा धुऊन ठेवायचो. हे बी भरून घ्या, सर."

मग तो बापाच्या मेंढरांबद्दल बोलला, माळावरच्या वाऱ्याबद्दल, स्वतः उभारलेल्या शेळ्यांच्या गोठ्याबद्दल. "आता माझ्या शेळ्या माझं नाव ओळखत्यात."

ज्ञानदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हरकत न्हाय?"

"मी कुठं बघितल्यात तुझ्या शेळ्या?"

"मग ये की… बघायला."

वर पंखा कुरकुरला. सिद्धूनं घसा खाकरला.

"राहिलं लग्नाचं. उद्या जेऊरला पोरगी बघायला जायचंय. घरच्यांनी जवळजवळ ठरवलंयच. माझी बी काय ना न्हाय." तो थांबला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "साक्षीदार?"

उद्या बघणं, परवा सुपारी. वळसंगची माणसं शब्द फिरवत नाहीत, हे ज्ञानदाला ठाऊक होतं. ओठांवर आलेलं तिनं परत गिळलं.

"ह्यात मी काय बोलणार?"

"बरं. मग संपलीच की कथा."

तो उठला. माइककडं हात गेला.

"…जाऊ नकोस," ती पुटपुटली.

शेजारच्या खोलीतून सरांचा आवाज आला. "ज्ञानदाबाई, शेवटचं वाक्य नीट आलं नाही. जरा मोठ्यानं घ्या."

सिद्धू हळूच परत बसला. माइक त्यानं तिच्यापुढं सरकवला.

"नीट सांग बघ," तो म्हणाला. "कायमचं राहणार हाय हे."

ज्ञानदानं पदर सावरला, एक लांब श्वास घेतला.

"जेऊरला जाऊ नकोस, सिद्धू. मला तू आवडतोस. दहावीपासून."