तीन नंबर, आत एक

पैज घ्यायची तर निदान समोरचा का हसतोय ते बघून घ्यावी, एवढी अक्कल कुणालीला दहावी दोनदा देऊनसुद्धा आलेली नव्हती.

शनिवारची चहाची सुट्टी. सुयोग त्याच्या फोर्कलिफ्टवर पाय पसरून बसलेला. हसत म्हणाला, "भिमीचं कार्ड मारून तीन नंबरात जाशील काय गो? एकटी?"

"एवढंच? मला वाटलं काय तरी अवघड सांगतोस."

"पार शेवटच्या थप्पीला लावलेली चिठ्ठी काढून आणायची. नाय आणलीस तर महिनाभर माझा डबा घासायचा."

"आणि आणली तर?"

"मी तुझा घाशीन. वर तुझ्या आयशीचा पण."

"तिचा डबा तुझ्यापेक्षा साफ असतो," कुणाली म्हणाली आणि उठलीच.

आता हे कार्डाचं काय ते ऐका. शहापूर-मुरबाड रस्त्याला थोडं आत एक तांदळाचं गोडाऊन. त्यात चार गाळे, प्रत्येकाला हे एवढं जाड दार. गळ्यातलं कार्ड दाराजवळच्या डबीला टेकवलं की टिक, हिरवा दिवा, दार उघडं. बाहेर येताना आतल्या डबीला टेकवायचं. दारावर पाटी, तिच्यात आकडा दिसतो, आत किती माणसं आहेत त्याचा, आणि खाली त्यांची नावं. कारण दर थोड्या दिवसांनी किडीसाठी गाळ्यात गॅसच्या गोळ्या ठेवतात आणि दार सात दिवस बंद. आकडा शून्य झाल्याबिगर ते गॅसचं कुलूप पडतच नाय. "माणूस विसरतो, मशीन विसरत नाय," असं सुपरवायझर जयरामभाऊ सगळ्यांना सांगायचे.

आणि भिमी म्हणजे गाळे झाडणारी मावशी, डोळखांबकडच्या पाड्यावरची. वीस दिवसांमागं तीन नंबरात झाडता झाडता खाली बसली ती उठलीच नाय. चौघांनी उचलून बाहेर आणली, टेम्पोत घातली. त्या धावपळीत तिचं कार्ड आतल्या डबीला टेकवायचं कोणाच्या डोक्यात येणार? मशीनच्या लेखी ती आतच राहिली. पाटीवर एक. जयरामभाऊंनी पासवर्ड टाकून शून्य केलं; ते पाटीवरनं पण होतं, केबिनमधनं पण. दोन दिवसांनी परत एक. परत शून्य. पुढं पुढं त्यांना सवयच झाली. नाव वाचायचे, च्यक करायचे, बटण दाबायचे.

भिमीचं कार्ड अजून केबिनबाहेर खिळ्याला लटकलेलं होतं. कुणालीनं ते उचललं. फोटोत भिमी कॅमेऱ्याकडं बघतच नव्हती, बाजूला कुठंतरी बघत होती.

सव्वाचार झालेले. गॅसवाले पाचला येणार होते. म्हणजे टाइम मोप होता.

टिक. हिरवा.

आत गार होतं. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, मध्ये माणूस जाईल एवढी गल्ली. चालताना आपलीच चप्पल मागून येतेय असं वाटावं इतकं शांत. कुणाली मुद्दाम शिट्टी मारत गेली. शेवटच्या थप्पीची चिठ्ठी उपटली, खिशात घातली, आणि तेवढ्यात दाराशी माणसं बोलायला लागली.

गॅसवाले लवकर आले होते. त्यांना टोकावड्याची एस्टी पकडायची होती.

शहाणी पोर असती तर ओरडली असती. कुणालीला वाटलं, बरं झालं, येऊ देत जवळ. थप्पीमागनं अशी किंचाळीन की मास्क टाकून पळतील. ती खाली बसली, ओढणी तोंडात कोंबली, हसू दाबायला.

पण ते जवळ आलेच नाय. गोळ्यांचे ट्रे पुढच्या गल्लीतच मांडून मागं फिरले. एकजण म्हणाला, "भाऊ, पाटीवर एक दाखवतंय."

"नाव बघ. भिमीचं हाय ना?" हा जयरामभाऊंचा आवाज.

"होय."

"ते तसंच येतं. सरक, शून्य करतो."

ओढणी तोंडातून काढेपर्यंत दार धप्प करून बसलं. आणि सगळे दिवे गेले. शून्य झालं की आतले दिवे आपोआप जातात, लाइट वाचवायला.

"भाऊ…" कुणाली ओरडली. तांदूळ आवाज खातो. हजारो पोत्यांनी तो 'भाऊ' तिथंच गिळला.

चाचपत, पोत्यांना खांदे घासत ती दारापर्यंत आली. डबीचा बारीक लाल ठिपका तेवढा दिसत होता. तिनं आपलं कार्ड टेकवलं. लाल. बरोबरच हाय, ती आत आल्याचं मशीनला कुठं माहीत होतं? मग भिमीचं टेकवलं. लाल. तिला तर आत्ताच शून्य केलेलं. परत आपलं. परत भिमीचं. लाल, लाल, लाल.

बाजूला अडचणीच्या वेळी भोंगा वाजवायचं बटण होतं, काचेच्या डबीतलं. मे महिन्यात कुणालीनंच ते तीन वेळा मजेत दाबलं होतं, अख्खं गोडाऊन बाहेर पळवलं होतं. कोण दाबतंय ते कळेना, म्हणून साहेबांनी त्याची वायरच काढून टाकली. तरी तिनं काच फोडली, दाबलं, दाबत राहिली. फोन गेटवर जमा. दारावर मुठी मारल्या, चपला मारल्या. पलीकडनं फक्त आवाज आला, चर्र… चर्र… दाराच्या फटीला टेप लावत होते.

मग तो पण थांबला.

थोड्या वेळानं वास सुटला. आधी लसूण सोलल्यासारखा. मग सडलेल्या सुकटीसारखा. कुणालीनं ओढणी नाकावर धरली, खाली बसली. आई धसईच्या बाजारातून भाजी विकून आता घरी आली असेल, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मशीन सांगेल आत कोण नाय. सगळे मशीनचं ऐकतील. सात दिवस.

तेव्हा मागून आवाज आला.

सर्र… सर्र… सर्र…

पार शेवटच्या थप्पीकडून. झाडूचा. घाई नव्हती त्याला. एक गल्ली झाडून झाली की कोपऱ्यात दोनदा आपटायचा, मग पुढची गल्ली. असा एकेक गल्ली करत तो दाराकडं येत होता. कुणालीला उठता येईना. तिच्या पायापाशी येऊन झाडू थांबला. भाताच्या तुसाची धूळ तिच्या अंगठ्यावर आली.

"मावशी…?" तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाय. "मावशी, मी मस्करी केली गो… तुजी नाय… उगाच…"

तिच्या मुठीतली दोन कार्डं कोणीतरी हळूच चाचपली. गार, खरखरीत बोटं. एक कार्ड ओढून घेतलं. एक राहू दिलं.

टिक. हिरवा.

त्या हिरव्या उजेडात दार तेवढं दिसलं. कुणालीनं ते अंगानं ढकललं, टेप फाटली, ती बाहेर पडली. मागं दार आपणहून बसलं.

गॅसवाले नळावर साबण लावून हात धूत होते, पाठमोरे. ती तशीच संडासात गेली, तोंड धुतलं, ओकली. परत आली तेव्हा एकजण फाटलेली टेप बघून शिव्या घालत होता. "काय थर्ड क्लास टेप दिलीय." आणि त्यानं वर दुसरी मारली.

कुणाली तशीच गेटकडं निघाली. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर आई जन्मभर बोलणार. जीव वाचला ना, बस.

"चिठ्ठी?" सुयोगनं गेटजवळ गाठलं.

तिनं खिशातनं काढून दिली.

"आयला. खरंच गेलीस? मला वाटलं घाबरून संडासात बसलीस. तोंड का असं झालंय?"

साडेपाच झाले होते, सगळे गेटवर कार्ड टेकवून घरी चाललेले. तिनं हातातलं कार्ड टेकवलं. टिक, हिरवा, आडवा दांडा वर गेला. मागची बाई म्हणाली, "चल ना गो पुढं." कुणालीनं कार्ड उलटं केलं. भिमीचा फोटो. आता मात्र भिमी सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

समोर रस्ता मोकळा होता. धसईची एस्टी दिसत होती. दोन पावलं टाकली असती तर सुटली असती.

केबिनमधून जयरामभाऊंचा आवाज आला. "च्यायला, परत एक. तीन नंबर, आत एक." मग हसले. "कुणाली, इकडं ये गो, बघ गंमत. भिमी बाहेर गेली म्हणतंय, आणि आत तुजं नाव दाखवतंय. तू तर इथं उभी. पार येडं झालंय मशीन."

कुणाली केबिनच्या दारात आली. स्क्रीनवर तिचं नाव होतं. जयरामभाऊंनी पासवर्ड टाकला. बोट बटणावर नेलं, सवयीनं, च्यक करत.

ती झेप घेऊन पुढं झाली, दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. भाऊ दचकले. "अगो, काय करतेस?"

"शून्य नका करू."

"का?"

"आत अंधार होतो, भाऊ." ती रडत होती, पण हात सोडत नव्हती. "मशीन येडं नाय. मघाशी पण नव्हतं. भिमीमावशीचं कार्ड मी मारलेलं, पैजेवर. ते बटण पण तीनदा मीच दाबलेलं. मावशीनं मला बाहेर काढलं, माजं कार्ड घेतलं… आणि मघाशी तुमी नाव वाचून शून्य केलंत ना, तवा आत मी होते."