टक् वाजलं का?

ही गोष्ट खरी आहे. बनवलेली असती तर मेघनाने तिचा शेवट वेगळा केला असता.

वर्तकनगर. बिल्डिंगखालचं पार्किंग. मे महिन्यातला रविवार, दुपारचे अडीच. लख्ख उजेड होता, हे आधीच सांगितलेलं बरं.

पुढची चाकं विटांवर चढवून मेघना गाडीखाली पाठीवर पडली होती. मुठीत दहा नंबरचा पाना. शेजारी नव्या सेन्सरचं खोकं.

महिन्यापूर्वी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तिने त्यांना गाडीत बसवलं आणि हॉस्पिटलकडे निघाली. माजिवड्याच्या पुलाखाली इंजिन बंद पडलं, ते पडलंच. मागे हॉर्नवर हॉर्न. शेजारी बाबा कण्हत होते.

मग कण्हणं थांबलं...

"क्लच सोडलास तू," धाकटा सुमित म्हणालेला. त्यानंतर तो कामापुरतंच बोलायचा.

मेघनाला एकच गोष्ट हवी होती. बिघडलेला क्रँक सेन्सर. अंगठ्याएवढा तुकडा, पण तो गेला की चालती गाडी मरते. तो काढून सुमितच्या हातावर ठेवायचा होता. बघ, मी नाही.

"मेकॅनिक झालीस काय आता?" सुमितच्या चपला गाडीपाशी थांबल्या.

"अर्धा तास दे रे."

"बाबांना कुठे मिळाला अर्धा तास?"

चपला निघून गेल्या.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तिने टॉर्च मारला. सेन्सर दिसला. तिने फडक्याने पुसला.

तो नवाकोरा होता.

त्यावर पांढऱ्या मार्करने तारीख. बाबांचं अक्षर. बसवलेल्या प्रत्येक पार्टवर ते तारीख घालायचे. ही त्यांच्या जाण्याआधीच्या आठवड्यातली होती.

आणि वायरचा कनेक्टर... अर्धाच बसला होता.

तिला ती संध्याकाळ आठवली. कारखान्यातल्या प्रेस मशीनने बाबांचे कान अर्धे नेलेले. कनेक्टर बसल्याचा आवाज ऐकायला त्यांना घरातलं कोणीतरी लागायचं. बाहेर उभ्या मेघनाला हाक म्हणून त्यांनी गाडीखालून पान्याने पत्र्यावर दोनदा ठोकलं होतं.

"मेघे, टक् वाजलं का?"

"वाजलं, बाबा."

ती मोबाइल बघत होती. तिने ऐकलंच नव्हतं.

तिने तो सेन्सर काढला, नवा बसवला. काढलेला सुमितला दाखवायचा. तारीख पुसली की झालं. कोणाला कळणार होतं?

तिने अंगठ्याला थुंकी लावली आणि तारीख घासायला घेतली.

वरच्या मजल्यावरचा मिक्सर थांबला. कावळे थांबले. रस्ताही...

मग गाडी हळूच खाली दबली. ड्रायव्हरच्या बाजूला. बाबा बसले की दबायची, तशी.

"सुमित?"

गाडीभोवती कोणाचे पाय नाहीत. दार उघडल्याचा आवाजही आला नव्हता.

तिने घाईघाईने कनेक्टर दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. बोटं दुखेपर्यंत दाबला. नाही.

आणि तिच्या डोक्यावर, पत्र्यावर... दोनदा ठोकलं गेलं.

तिने दोन्ही हात खाली घेतले.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हतं वाजलं. मी खोटं बोलले."

टक्.

तिचा हात कनेक्टरवर नव्हता.

गाडी हळूच वर आली.

ती सरपटत बाहेर आली. सुमित जिन्याच्या पायरीवर बसला होता. हातात गाडीची चावी. चेहरा पांढराफटक.

"गाडीत कोण बसलेलं?"

"गाडी लॉक आहे, ताई." तो म्हणाला, "तू बोललीस ते ऐकलं मी."

तिने तो सेन्सर त्याच्या हातावर ठेवला. अर्धी तारीख अजून दिसत होती. त्याने मूठ मिटली आणि जिना चढून गेला.

पुढच्या आठवड्यात तिने गाडी गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिकने खालून हाक मारली.

"मॅडम, या कनेक्टरचा लॉक तुटलाय. हा टक् वाजणारच नाही कधी. तारेने बांधून देतो."

"आत्ता तुटला असेल?"

"नाही हो. तुटल्या जागी मळ बसलाय. जुनं आहे."

म्हणजे त्या संध्याकाळी ती नुसतं 'नाही' म्हणाली असती, तरी बाबांनी टॉर्च मारून तो तुटलेला लॉक पाहिला असता.

आणि त्या दुपारी काय वाजलं, ते तिला आजही सांगता येत नाही.

गाडी आता कुठेही बंद पडत नाही. सुमित अजून फारसं बोलत नाही. गाडीत बसली की मेघना आधी मोबाइल बंद करते, चावी फिरवण्याआधी थोडं थांबते.

कधी काहीच होत नाही.

कधी पत्र्यावर दोनदा ठोकल्याचा आवाज येतो. ती दर वेळी खरं तेच सांगते.