यादीतली चाळिसावी

ताईला जाऊन आठ महिने झाले, आणि तिच्या अभिनंदनाचं पत्र आलं.

धाकटीने ते दुकानात, शिलाई मशीनपाशी उभ्याउभ्याच वाचलं. ‘आपल्या भगिनी सलग एक वर्ष स्वतःच्या घरी स्वतंत्रपणे राहिल्याबद्दल स्वावलंबन केंद्र आपल्या कुटुंबाचं मनःपूर्वक अभिनंदन करीत आहे.’ खाली संचालकांची सही. तिने पत्राची घडी घातली, हातातल्या पँटची तुरपाई पुरी केली, ती गिऱ्हाइकाला दिली. मग दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि शेजारच्या इमारतीचे दोन जिने चढून गेली.

तिथे एक खासगी तपासनीस बसत. पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायचे. साठीचे, बारीक, आणि समोरचा बोलत असताना पापणीही न हलवणारे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

“बहीण कशी गेली?”

“हॉस्पिटलात. न्यूमोनिया. कमरेखाली तिला लहानपणापासून हालचाल नव्हती, चाकाच्या खुर्चीवर असायची. एकवीस वर्षं निवासी संस्थेत काढली. मग केंद्राने तिला घर दिलं. तिथे चार महिने राहिली.”

ती हे सगळं कुणाच्या तरी पँटचं माप सांगावं तसं सांगत होती. तिच्या लक्षात आलं, पण इलाज नव्हता. आठ महिने असंच चाललं होतं.

“केंद्राला कळवलंत?”

“दुसऱ्याच दिवशी फोन केला. ज्याने उचलला त्याने तारीख दोनदा विचारली. घराची किल्ली पाकिटातून पाठवा म्हणाला.”

“म्हणजे पुरुष?”

ती थबकली. “की म्हणाली... खरंच आठवत नाही हो. त्या दिवशीचं काहीच धड आठवत नाही. एवढंच डोक्यात राहिलंय, की फोनवर मागे कुणीतरी बडबडत होतं. भराभर, श्वाससुद्धा न घेता. मला वाटलं, इथे माझी बहीण गेलीय आणि यांच्या गप्पा संपत नाहीत.”

तपासनिसांनी ते लिहून घेतलं. “बाई, तुम्हाला नेमकं काय हवंय?”

“ती गेली, हे त्यांनी लिहायला हवं,” धाकटी म्हणाली. “बस.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं केंद्रात गेली. संचालकांचं टेबल स्वच्छ होतं आणि मागे भिंतीवर एक तक्ता होता. मथळा: वार्षिक कामगिरी अहवाल. खाली ठळक आकडा, चाळीस.

“चाळीस जण संस्थेतून बाहेर पडून वर्षभर स्वतःच्या घरी राहिले पाहिजेत,” संचालक म्हणाले. “सरकारी खात्याची अटच आहे तशी. एकोणचाळीस झाले तर केंद्राची मान्यता धोक्यात. यंदा बरोब्बर चाळीस भरले.”

“त्यातली एक वारली आहे,” तपासनीस म्हणाले.

संचालकांचा चेहरा पांढरा पडला. “शक्य नाही! दर तिमाहीला गृहभेटीचा फॉर्म येतो. अहो, अभिनंदनाची पत्रं मी स्वतः बाहेरून छापून घेतली, एकेकावर सही केली, नातेवाइकांचे पत्ते हाताने लिहिले. कारकुनावर ताण नको म्हणून त्याला सांगितलंसुद्धा नाही.”

त्यांनी फाइल मागवली. तपासनिसांनी ताईचे फॉर्म टेबलावर ओळीने मांडले. पहिला ताई असतानाचा. ‘भेटीचा वेळ: अर्धा तास. ओटा दहा इंच खाली घेऊन दिला.’ पुढचे तीन ती गेल्यानंतरचे. ‘भेटीचा वेळ: दीड तास. दारावर घंटीऐवजी दिवा बसवून दिला. ओटा पुन्हा वर घेऊन हवा आहे, वाकून पाठ दुखते. एकटी बाजारात जाते. आनंदी आहे.’

आनंदी आहे. धाकटीने ते शब्द पुन्हा वाचले. चार महिन्यांत ती ताईकडे एकदाच गेली होती, तेही घाईत.

गृहभेटी करणारी मुलगी पायरीवर चपलेचा पट्टा लावत होती. तिला बस गाठायची होती.

“मला लागून सात महिने झाले. माझ्या आधीच्या बाई सोडून गेल्या होत्या,” ती म्हणाली. “कार्यालयातून नाव आणि पत्ता मिळतो, तिथे जाते. बघते तेच लिहिते. खोटं लिहिलंय असं म्हणणं आहे का तुमचं?”

“नाही,” तपासनीस म्हणाले. “फाइल कधी पाहिलीत?”

“फाइली आत असतात, कारकुनाकडे. तेवढी फुरसत कुणाला आहे?”

“खोटारडी,” ती गेल्यावर धाकटी म्हणाली. तपासनीस आतल्या खोलीकडे वळले.

अहवाल तयार करणारा कारकून आतल्या खोलीत होता. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, जन्मापासून दृष्टिहीन. संगणक त्याला पडद्यावरचं वाचून दाखवत होता. इतक्या वेगाने, की धाकटीला त्यातला एक शब्द कळेना. असा आवाज आधी कुठेतरी ऐकल्यासारखं तिला वाटलं. कुठे, ते आठवेना. कारकुनाने कळ दाबून आवाज बंद केला.

“भेटीचे फॉर्म मला वाचून दाखवतात, मी आकडे भरतो,” तो म्हणाला. “माणसं मला आकड्यांतूनच भेटतात.”

“इथे कधीपासून?”

“बारा वर्षं. त्याआधी निवासी संस्थेत. तिथेच वाढलो.”

“यांच्या बहिणीला पत्र गेलं, ठाऊक आहे?”

“कसलं पत्र?” कारकून म्हणाला. आणि त्याचे हात कळफलकावर तसेच राहिले.

*

दुपारी चारला तपासनिसांनी सगळ्यांना त्या घराशी बोलावलं. गृहभेटीवालीने दाराशेजारचं बटण दाबलं. आवाज आला नाही. खिडकीच्या काचेत मात्र उजेड तीनदा लुकलुकला. दार उघडलं. पन्नाशीची एक बाई, हाताला कणीक लागलेली. गृहभेटीवालीला पाहून हसली, मागच्या माणसांना पाहून हसू विरलं.

“ही तुमची चाळिसावी,” तपासनीस संचालकांना म्हणाले. “फॉर्ममधला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त नाव दुसऱ्या बाईचं आहे.”

गृहभेटीवालीने सवयीने वही काढली आणि ऐकलेलं त्या बाईसाठी लिहू लागली.

“खोटा फॉर्म भरणारा माणूस जुना फॉर्म उतरवतो,” तपासनीस म्हणाले. “नव्या मागण्या करून स्वतःचं काम वाढवत नाही. इथे मागण्या होत्या. घंटीऐवजी दिवा कुणाला लागतो? ज्याला ऐकू येत नाही त्याला. ओटा वर कुणाला हवा? जो उभा राहतो त्याला. अर्ध्या तासाच्या गप्पांना दीड तास कधी लागतो? दोन्हीकडून लिहून बोलावं लागतं तेव्हा. म्हणजे घरात कुणीतरी खरोखर राहत होतं, आणि भेटणारीने ताईंना कधी पाहिलंच नव्हतं. ती निर्दोष.”

गृहभेटीवालीचं पेन क्षणभर थांबलं.

“संचालकांना चाळीसची गरज होती. पण मेलेल्या बाईच्या बहिणीला अभिनंदनाचं पत्र कोण धाडेल? ज्याला ती मेल्याचं ठाऊकच नाही तो. उरला एक. त्याच्याकडे फाइली होत्या, नावं-पत्ते तोच देत होता, आणि पत्रांची त्याला कल्पना नव्हती.” ते धाकटीकडे वळले. “बाई, तुमच्या फोनवर मागे कुणी बडबडत नव्हतं. संगणक वाचत होता. माणसाला श्वास घ्यावा लागतो.”

धाकटीला सकाळी आतल्या खोलीत ऐकलेला आवाज आठवला.

“मीच घेतला फोन,” कारकून शांतपणे म्हणाला. “ही आणि मी एकाच संस्थेत वाढलो. मला रस्ता ओलांडून द्यायची ही. मला नोकरी लागली, मी सुटलो. हिचा अर्ज अकरा वर्षं पडून आहे, पालक म्हणून भावाची सही हवी, आणि तो पत्राला उत्तर देत नाही. तुमचा फोन आला तेव्हा मी तारीख दोनदा विचारली. पहिल्यांदा नोंद करायला. दुसऱ्यांदा विचारली तेव्हा मनात हे आलं होतं. किल्ली आली, ती मी हिला दिली.”

“माझ्या बहिणीला आठ महिने जिवंत ठेवलंत तुम्ही,” धाकटी म्हणाली. आवाज चढला नाही.

“हो. तुमचा विचारच केला नाही मी.”

त्या बाईने गृहभेटीवालीच्या हातून वही घेतली, उभ्याउभ्या काहीतरी लिहिलं आणि धाकटीपुढे धरली. ‘नाव तुमचंच आहे. परत घ्या. मी सामान बांधते.’

धाकटीने ओळ वाचली आणि वही त्या बाईला परत दिली. मग संचालकांना म्हणाली, “ताई गेली असं लिहा. आजच. पण मग तुमचे एकोणचाळीसच राहतात.”

संचालकांनी घाम पुसला. “वर्ष पुरं व्हायला मुदतवाढ मागता येते... पण त्या जागी कुणीतरी रीतसर हवं.”

“पालकाचं उत्तर आलं नाही, तर तीस दिवसांनी संचालक स्वतःच सही करू शकतात,” तपासनीस म्हणाले. “तुमच्याच नियमावलीत, पान सहा. अकरा वर्षांत ते पान कुणी उलटलं नाही.”

*

संचालकांनी नवव्या दिवशी सही केली. नोटिशीचे तीस दिवस अकरा वर्षांपूर्वीच भरले आहेत, असा शेरा त्यांनी स्वतःच मारला. अकरा वर्षांच्या विनवण्यांना जे जमलं नाही, ते एका कमी पडलेल्या आकड्याने करून दाखवलं. ती बाई आपल्या नावाने त्याच घरात राहिली. कारकुनाची नोकरी गेली. त्याने तक्रार केली नाही, आणि धाकटीनेही त्याच्यासाठी रदबदली केली नाही. करावी की नाही, हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

दुरुस्त नोंदीची प्रत घ्यायला ती केंद्रात गेली. ‘कार्यक्रमातून बाहेर पडण्याचं कारण’ या रकान्यात चार चौकोन होते. चौथ्यात, ‘मृत्यू’समोर, खूण होती. तिने कागद पर्समध्ये ठेवला. काहीच वाटलं नाही.

बसथांब्यावर गृहभेटीवाली भेटली. दोघी बाकावर बसल्या. बस यायला वेळ होता.

“एक विचारू?” ती पोरगी म्हणाली. “सात महिने मी त्यांचं नाव लिहीत होते. कशा होत्या हो त्या?”

धाकटीला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. हॉस्पिटलात, केंद्रात, दुकानात, कुठेच.

“चिडकी होती,” ती म्हणाली. “खुर्चीला कुणी हात लावलेला खपायचा नाही तिला. लहानपणी मी मुद्दाम मागून ढकलायचे. मग ती मागे न बघता...”

पुढचं तिला बोलता येईना. बस आली, दार उघडून थांबली आणि निघून गेली. पोरगी बसूनच राहिली.

“मागे न बघता काय करायच्या?” तिने विचारलं.

“थांब,” धाकटी डोळे पुसत म्हणाली. “सांगते.”